रंग जन्माचा की सुईचा?

प्रश्न : मुलाच्या आठव्या वाढदिवसाला आम्ही फिशटँक घेतला. दुकानातल्या ‘कलर विडो’ नावाच्या मासोळ्या त्याला फार आवडल्या, म्हणून गुलाबी, निळ्या, हिरव्या अशा दोन-दोन आणल्या. दीड महिन्यात दोन्ही निळ्या जवळजवळ पांढऱ्या झाल्या, एक हिरवी मेली आणि एका गुलाबीच्या शेपटीवर पांढरा फोड आलाय. दुकानदार म्हणतात, ‘कलरचं खाणं घाला, रंग परत येईल.’ मुलगा रोज विचारतो, रंग गेला कुठे? आमचं काय चुकलं?
— एक आई, नाशिक

उत्तर : ताई, तुमचं काहीही चुकलेलं नाही. पाण्यामुळे, खाण्यामुळे किंवा दिव्यामुळे तो रंग गेलेला नाही. तो त्या माशांचा नव्हताच.

हे मी इतक्या खात्रीने सांगतो, कारण असे मासे मी स्वतः विकलेत. 1994 साली कॉलेज सुटलं की मी दादरच्या एका दुकानात कामाला जायचो. थर्माकोलच्या खोक्यातून पिशव्या यायच्या आणि त्यात असायचे ग्लास फिश. अंग काचेसारखं, आतला कणा मोजता यावा इतकं आरपार. पण पाठीवर आणि पोटाखाली झगझगीत हिरवी, गुलाबी रेघ. कोणी विचारलं तर ‘इम्पोर्टेड जात आहे’ असं सांगायची ताकीद होती, आणि मी ते सांगायचो. एकदा मेलेला मासा बाहेर काढताना ट्यूबलाइटच्या उजेडात नीट पाहिला. शाईची रेघ कातडीच्या आत होती. त्याच मे महिन्यात आजोळी भीमेच्या काठी पंचा धरून चुलतभावांबरोबर मासे पकडत होतो, तर पंच्यात तोच मासा. रेघबिघ काही नाही, नुसता पाण्याच्या रंगाचा. इम्पोर्टेड कसला, आपल्या नदीतला! फ्रान्सिस हॅमिल्टनने 1822 साली गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर लिहिताना त्याची नोंद केली आहे. सुट्टी संपल्यावर मी त्या दुकानात परत गेलो नाही.

ग्लास फिशला रंग सुईने भरतात, तोही एकाच नव्हे तर बऱ्याच ठिकाणी टोचून. मासा जेमतेम दोन बोटांएवढा आणि सुई माणसाच्या इंजेक्शनची. तुमच्या विडोंसारख्या माशांना बहुतेक वेळा बुडवून रंगवतात. आधी जहाल द्रावणात टाकून अंगावरची बुळबुळ काढायची, मग रंगात बुडवायचं, मग बुळबुळ पुन्हा सुटावी म्हणून आणखी एका द्रावणात. ही बुळबुळ म्हणजे माशाचं चिलखत. तीच ओरबाडली की जंतूंना वाट मोकळी. यात किती मासे दगावतात ते आपल्याला दिसत नाही. दुकानात येतात ते वाचलेले.

खरी विडो काळसर-रुपेरी असते. तिचं मूळ दक्षिण अमेरिकेतल्या पॅराग्वे नदीच्या खोऱ्यात. तिच्यापासून पैदाशीत पांढरी जात तयार झाली आणि पांढऱ्यावर रंग चढतो म्हणून तीच रंगवतात. तुमच्या निळ्या आता पांढऱ्या दिसतात, म्हणजे त्या आपल्या मूळ रूपावर आल्या. मुलाला हेच सांगा. आठ वर्षांच्या मुलाला हे कळतं. रंग गेला याचं वाईट वाटायला नको, तो लावला याचं वाटू दे.

शेपटीवरचा फोड फ्लॉवरच्या तुऱ्यासारखा खडबडीत असेल तर बहुधा लिम्फोसिस्टिस हा विषाणूचा विकार आहे. ब्रिटनमध्ये पाहणी झाली तेव्हा रंगवलेल्या ग्लास फिशमध्ये हा विकार न रंगवलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त आढळला होता. त्यावर औषध नाही आणि अँटिबायोटिक घालून उपयोग नाही. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला, गर्दी करू नका. काही आठवड्यांत तो बहुतेकदा आपोआप झडतो. मात्र अंगभर रव्यासारखे बारीक ठिपके असतील तर तो वेगळा आजार, त्यावर लगेच औषध हवं.

कलरच्या खाण्याबद्दल दुकानदाराचं अर्धंच खरं आहे. लाल, केशरी, पिवळ्या छटांना लागणारं कॅरोटिनॉइड रंगद्रव्य मासा स्वतः तयार करत नाही, ते त्याला खाण्यातूनच मिळतं. कोळंबी, स्पिरुलिना, अगदी झेंडूच्या पाकळ्यांची पूडसुद्धा त्यासाठी वापरतात. गोल्डफिश किंवा गप्पी त्याने खुलतात आणि त्यात काही वावगं नाही. पण पांढरी विडो कुठल्याही खाण्याने निळी होणार नाही. आणि पिल्लांना किंवा माद्यांना नराचा रंग यावा म्हणून हार्मोन चारतात, तीही फसवणूकच.

आता घेताना काय बघायचं? एकाच जातीचे मासे एकाच टाकीत गुलाबी, निळे, हिरवे, जांभळे असे मिठाईसारखे मांडलेले दिसले की थांबा. रंग अंगावर गडद आणि पर मात्र कोरे, हीसुद्धा खूण. निळ्या दिव्याखाली लखलखणारे आणि कधीच न विटणारे मासे दिसतील, तर ते बहुधा जनुक बदललेले. त्यांना सुई टोचलेली नसते, पण आपल्याकडे 1989 च्या नियमांनुसार असे जीव परवानगीशिवाय विकता येत नाहीत. दुकानदाराला सरळ विचारा, ‘हा रंग जन्माचा आहे का? पैदास कुणाची?’ नीट धंदा करणारा पैदास करणाऱ्याचं गाव सांगतो. त्याच्याकडून गप्पी, मॉली, प्लॅटी, झेब्रा घ्या. पट्टेवाला साधा झेब्रा आपल्याकडचाच, आणि काय देखणा मासा आहे!

दया येऊन रंगवलेले मासे ‘सोडवून’ आणू नका. तुम्ही घेतलेल्या जोडीच्या जागी पुढच्या आठवड्यात दुसरी जोडी येते. हवं तर त्या दुकानदाराला 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा दाखवा. त्यात माणूस सोडून कुठलाही जिवंत जीव म्हणजे प्राणी, आणि प्राण्याला अपायकारक द्रव्य देणं हा कलम 11 खाली गुन्हा आहे. भांडायला नको, शांतपणे सांगितलं तरी पुरतं. मी असं सांगून एक दुकान बदललेलं पाहिलंय.

राहिलेल्या पाच विडो सांभाळा. त्या घोळक्याने राहणाऱ्या आहेत, न रंगवलेली एखादी जोडीला आणलीत तर बरं. नीट राहिल्या तर तीन-चार वर्षं सहज जगतील. आणि नदीत किंवा तळ्यात कधीही सोडू नका. असेच सोडलेले सकर मासे आज आपल्या पाण्यात माजलेत.

प्रश्न : मिस केरळ हा मासा रंगवलेला असतो का? घ्यावा का?
— कॉलेज विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : नाही, ती लाल-काळी रेघ जन्माचीच. अडचण वेगळी आहे. हा मासा केरळकडच्या पश्चिम घाटातल्या ओढ्यांतला. 2013 मध्ये त्याच्यासाठी ‘सह्याद्रिया’ ही नवी प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) मांडली गेली, तेव्हा संशोधकांत पुण्याचे डॉ. नीलेश डहाणूकर होते. हौशी लोकांसाठी इतका उपसला गेला की तो धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे. हॅचरीत पैदास झालेला असेल तरच घे. बिलावर हॅचरीचं नाव लिहून माग. दुकानदार लिहून देत नसेल तर पिशवी तिथेच ठेव. आणि चार फुटांपेक्षा लहान टाकी असेल तर तोवर थांब, हा वाहत्या पाण्यात सुसाट पोहणारा मासा आहे.