कॅमेरा हलतच नाही, काय करू?

प्रश्न : दादा नमस्कार, मी परभणीचा. चुलत भावाच्या लॅपटॉपवर रेसिडेंट ईव्हिल हा झोम्बीचा भीतीदायक गेम खेळायलोय, २०१५ ला आलेला एचडी वाला, पण कॅमेरा एका कोपऱ्यात अडकूनच बसतो. झोम्बीचा आवाज येतो पण दिसत नाही, अन् दोन पावलं टाकली की अँगल बदलतो. सेटिंग चुकली का लॅपटॉप कमी पडायलाय?

उत्तर : सेटिंग बी बरोबर अन् लॅपटॉप बी, कॅमेरा मुद्दामच तसा बांधलाय. १९९२ च्या अलोन इन द डार्क या गेममध्ये हे होतंच, १९९६ ला कॅपकॉम या गेम कंपनीच्या शिंजी मिकामी या दिग्दर्शकानं तेच रेसिडेंट ईव्हिलमध्ये आणलं. तो गेम ज्यावर चालायचा त्या तेव्हाच्या प्लेस्टेशनची मेन मेमरी फक्त २ एमबी, त्यात गेम घडतो तो आख्खा बंगला थ्रीडीत कसा बसायचा, म्हणून खोल्यांची चित्रं आधीच बनवून ठेवली अन् त्यावर माणसं, झोम्बी तेवढे थ्रीडीत चालवले. चित्र एकाच बाजूनं काढलेलं, मग कॅमेरा फिरवणार कुठं?

पण नुसती मेमरीची अडचण म्हणून हे सोडून देऊ नको, कारण तीच अडचण त्यांनी भीतीसाठी वापरली अन् ती लई भारी वापरली. कुठं उभं राहिल्यावर तुला काय दिसू द्यायचं अन् काय नुसतं ऐकू द्यायचं हे सगळं त्यांच्या हातात. खिडक्यांचा तो लांब पॅसेज आठव. १९९६ च्या गेममध्ये तिथं काच फोडून कुत्रा थेट आत यायचा. तू खेळायलास तो २००२ च्या रिमेकवरून केलेला, त्यात पहिल्या फेरीला काच नुसती तडकते, कुत्रे नंतर कधीतरी येतात, अन् म्हणून तिथून जाताना दरवेळी जीव मुठीत. कॅमेरा पाठीमागं फिरवता आला असता तर ही मजा निम्मी गेली असती.

कंट्रोलचं म्हणशील तर जुन्या पद्धतीत वरचं बटण म्हणजे आपला माणूस जिकडं तोंड करून उभाय तिकडं पुढं, त्यामुळं अँगल बदलला तरी चाल बदलत नाही. सुरुवातीला वैताग येतो, पण हात बसतो. नाहीच जमलं तर ऑप्शनमध्ये नवीन कंट्रोल आहेत. हेडफोन लावून खेळ, अन् वळणावर थांबून आधी कानोसा घे, मग पाऊल टाक.

२००५ च्या रेसिडेंट ईव्हिलच्या चौथ्या भागात कॅमेरा माणसाच्या खांद्यामागं गेला. हा प्रकार आवडला तर २०२१ चा टॉर्मेंटेड सोल्स हा गेम बघ, त्यात बांधलेला कॅमेरा परत आणलाय.