वाचकांचे प्रश्न: फिरणारी पाटी आणि मखरातली मोटर

गेल्या अंकात मेन रोडवरच्या जुन्या रंगवलेल्या पाट्यांवर लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की टीव्ही चॅनलचा लोगो म्हणजे पण दुकानाची पाटीच, आणि लंडनच्या बीबीसीची पाटी तर कितीतरी वर्षं खरोखर फिरायची. झालं, त्या एका वाक्यावरच सगळे तुटून पडले आणि पाट्यांबद्दल कोणी काही विचारलंच नाही. असो. यावेळी सगळे प्रश्न त्याचेच घेतो.

काका, यूट्यूबवर बीबीसी वनची 1970 च्या आसपासची क्लिप बघितली. मध्ये पृथ्वीचा गोल फिरतोय आणि त्याच्या मागे तोच नकाशा ताणल्यासारखा वाकडातिकडा दिसतोय. हे तेव्हाच्या कंप्युटरवर केलं होतं का? माझा भाऊ म्हणतो हो, माझी पैज लागलीय.
– इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, कॉलेज रोड

पैज तू जिंकलीस, भावाकडून मिसळ वसूल कर. कंप्युटर बिंप्युटर काही नाही गं, तो खराखुरा गोल होता, मोटरवर फिरणारा, आणि त्याच्या मागे खोलगट आरसा लावलेला. गोलाची मागची बाजू त्या आरशात पडायची आणि आरसा खोलगट म्हणून ती ताणली जायची, तोच तुझा वाकडातिकडा नकाशा. मला स्वतःला हे पटेना म्हणून मी नातवाचा छोटा ग्लोब दाढीच्या मोठं दाखवणाऱ्या आरशासमोर धरून बघितला, तर आफ्रिका डोशासारखी पसरली, बायको म्हणाली सकाळी सकाळी काय चाललंय.

खरी मजा पुढे आहे. बीबीसीच्या लंडनमधल्या टेलिव्हिजन सेंटरमध्ये यासाठी एक वेगळी सोय होती, तिला ते लोक नॉडी म्हणायचे. एक ब्लॅक अँड व्हाइट कॅमेरा, दुरून बटणं दाबून वर खाली आणि बाजूला वळवता येणारा, आणि त्याच्यासमोर हा गोल, घड्याळ, अक्षरांची कार्डं असं सगळं मांडून ठेवलेलं. जे पाहिजे त्याच्याकडे कॅमेरा वळवायचा. आणि लक्षात घे, कॅमेरा ब्लॅक अँड व्हाइट, मग रंग कुठून आला? तर रंग नंतर इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चढवायचे, पांढऱ्याला एक आणि काळ्याला एक. म्हणून 15 नोव्हेंबर 1969 ला बीबीसी वन रंगीत झालं तेव्हा काळ्यावर निळा नकाशा दिसायचा आणि 1974 नंतर तोच प्रकार निळ्यावर पिवळा झाला, पूर्ण नवीन रंगरंगोटी न करता. आमच्या धंद्यात असं असतं तर काय पाहिजे होतं, गिऱ्हाईक म्हणालं हिरवी नको लाल पाहिजे तर सगळी पाटी खरवडून पुन्हा प्रायमर मारावा लागायचा.

त्या गोलाखाली बीबीसी वन च्या पुढे कलर असा शब्दही लिहिलेला असायचा. ज्याच्या घरी ब्लॅक अँड व्हाइट सेट आहे त्याला टोचणी, की बाबा रे हे रंगीत आहे, तुला दिसत नाहीये. तिकडे टीव्ही बघायला लायसन्स लागतं आणि 1968 पासून रंगीतचं लायसन्स 10 पौंड होतं तर साध्याचं 5, म्हणजे लोक रंगीतकडे वळले तर बीबीसीची कमाई वाढणार, त्यामुळे टोचणी फुकटची नव्हती.

आता तू म्हणशील एवढा खटाटोप कशाला, एकदा फिल्म काढायची आणि लावायची. तर फिल्म संपते. दोन कार्यक्रमांच्या मध्ये निवेदक लाइव्ह बोलायचा, पुढचा कार्यक्रम कधी पंधरा सेकंदात तयार असायचा, कधी मिनिटभर उशीर, आणि तेवढा वेळ पडद्यावर काहीतरी पाहिजेच. मोटरवरचा गोल कितीही वेळ फिरतो, त्याला सुरुवात नाही शेवट नाही. आपल्याकडे दूरदर्शनवर ‘रुकावट के लिए खेद है’ ची पाटी लागायची आणि आपण अँटेना हलवायला गच्चीवर पळायचो, आठवतं का? तुला नाही आठवणार, तुझ्या बाबांना विचार.

बीबीसी टीव्हीचा सगळ्यात पहिला लोगो कोणी काढला? मी पण जुना पेंटर आहे म्हणून विचारतो.
– भद्रकाली

नमस्कार मालक. टीव्ही तर 1936 पासून होता पण फिरता, हलता असा पहिला लोगो 1953 चा, एब्रम गेम्स यांचा. हे पोस्टरवाले, युद्धाच्या काळात ब्रिटिश सैन्यासाठी त्यांनी जबरदस्त पोस्टर केली होती, आणि 1951 च्या फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनचं चिन्हही त्यांचंच. टीव्हीसाठी त्यांनी कागदावर चित्र काढून दिलं नाही तर तारा, पितळ आणि चमकणारे दिवे असं एक यंत्रच तयार करवून घेतलं आणि त्याचं शूटिंग केलं. मध्ये डोळ्यासारखं काहीतरी आणि दोन्ही बाजूला पंख, म्हणून त्याला नाव पडलं वटवाघळाचे पंख. पेंटरने ब्रश खाली ठेवून पितळ हातात घेतलं, याचं मला फार कौतुक वाटतं. गोल त्याच्यानंतर, 1963 ला आला.

दादा, मी डीटीपी करतो. बीबीसीच्या लोगोतले अक्षरांचे तीन चौकोन आधी तिरके होते आणि खाली रंगीत पट्ट्या होत्या. मग नुसते सरळ केले. एवढ्यासाठी डिझायनरला पैसे देतात? आम्ही एका क्लिकमध्ये करतो.
– शरणपूर रोड

क्लिक तुझी एक असते पण ती कुठे करायची हे कळायला वेळ लागतो ना मित्रा. 1997 ला मार्टिन लॅम्बी-नेर्न या डिझायनरने ते सरळ केले, आणि त्याची कारणं ऐकशील तर तुझ्याच धंद्यातली आहेत. तिरक्या रेषा टीव्हीवर, त्यातून छोट्या आकारात, पायऱ्या पायऱ्या दिसायच्या, कडा थरथरायच्या. खालच्या पट्ट्या निळी, लाल, हिरवी, म्हणजे प्रत्येक लेटरहेड, पाकीट, गाडी सगळं जास्त रंगात छापायचं, खर्च वाढला. नवीन लोगो एका रंगात, काळ्या शाईत, फॅक्सवरसुद्धा बसतो. आपल्याकडे लग्नपत्रिका छापायला येणारा माणूस पण आधी सगळे रंग मागतो आणि कोटेशन बघितलं की म्हणतो सिंगल कलरच करा.

त्यात वापरलेला टाइप, म्हणजे अक्षरांचा फॉन्ट, गिल सॅन्स, एरिक गिल यांचा, 1928 च्या सुमाराचा. गंमत म्हणजे हेच गिल मूर्तिकार पण होते आणि लंडनमध्ये बीबीसीच्या ब्रॉडकास्टिंग हाऊसच्या दारावर जी मोठी दगडी मूर्ती आहे ती त्यांचीच, म्हणजे दारावर मूर्ती पण त्याच माणसाची आणि पाटीवर अक्षर पण त्याचंच. 2021 मध्ये ते अक्षर काढून बीबीसीने स्वतःचा रीथ नावाचा टाइप टाकला, चौकोनांमधलं अंतर थोडं वाढवलं. तेव्हा लोक हसले, यात बदललं काय म्हणून. मला विचारशील तर मी पण आधी हसलो. मग दोन्ही प्रिंट काढून फोनवर बोटाच्या नखाएवढं करून बघितलं तर नव्यातली अक्षरं सुटी वाचता येतात. पण एवढं मान्य, की गोलाच्या मानाने हा मामला कोरडाच.

चॅनल 4 चा तुकडे उडत येऊन 4 बनणारा लोगो, तो तरी कंप्युटरचा का? आणि बीबीसी टू चे ते रंग सांडणारे, कापणारे 2 कोणी केले?
– पंचवटी

दोन्हीच्या मागे परत तेच लॅम्बी-नेर्न. चॅनल 4 हे ब्रिटनचंच चॅनल, सुरू झालं 2 नोव्हेंबर 1982 ला, आणि हो, तो कंप्युटरचाच. पण तेव्हा ब्रिटनमध्ये हे काम करू शकेल अशी सोयच नव्हती म्हणून ते काम लॉस एंजेलिसला करून आणावं लागलं. नऊ रंगीत तुकडे वेगवेगळ्या दिशांनी येतात आणि जुळून 4 होतो. हे नुसतं दिसायला छान म्हणून नव्हतं, चॅनल 4 स्वतः कार्यक्रम बनवत नव्हतं, बाहेरच्या लोकांकडून घेऊन दाखवायचं, म्हणजे तुकडे सगळे बाहेरचे आणि जुळणी यांची. अर्थ चित्रातच आहे, वेगळा सांगावा लागत नाही. सोबत डेव्हिड डंडास यांची चार सुरांची धून, एकदा ऐकली की दिवसभर डोक्यात. पुढे 2004 ला चॅनल 4 ने उलटी करामत केली, कॅमेरा विजेच्या टॉवरमधून नाहीतर झुडपांमधून पुढे सरकतो आणि एका क्षणी, एकाच कोनातून, सगळं जुळून 4 दिसतो आणि लगेच विस्कटतो. गंगापूर रोडच्या द्राक्षबागांच्या ओळी चालत्या गाडीतून बघा, एका क्षणी सगळे खांब एका रेषेत येतात आणि पुढच्या क्षणी गोंधळ, अगदी तसंच.

बीबीसी टू चे 2 आले 16 फेब्रुवारी 1991 ला. त्याच्या आधी चाचपणी केली तर लोक म्हणाले हे चॅनल कंटाळवाणं आणि शिष्ट. मग त्यांनी हिरवट निळ्या रंगाच्या छटेत एकेक प्रयोग केला, आकड्यावर रंगाचा फटकारा बसतो, पात्यासारखा 2 वरून खाली येऊन घुसतो, 2 वर रेशमी कापड लाटांसारखं उडतं, आणि यातलं बरचसं खरे नमुने बनवून खऱ्या कॅमेऱ्याने शूट केलेलं. नंतर पुन्हा विचारलं तर लोकांचं मत सुधारलेलं, आता चॅनल ताजं वाटतं म्हणे, आणि कार्यक्रम तर तेच होते! पाटी बदलली की मिठाई गोड लागते हे मी तीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगतोय, कोणी ऐकत नव्हतं. पुढे तर 2 कुत्र्यासारखा वागायला लागला, खेळण्यातली गाडी होऊन कोलांटी मारायला लागला. मला विचाराल तर सगळ्या ब्रिटिश टीव्हीत याच्या तोडीचं काही नाही.

आपल्या दूरदर्शनचा फिरत येणारा डोळा बीबीसीवरून उचलला असं आमचे एक गृहस्थ छातीठोक सांगतात. खरं आहे का?
– नाशिकरोड

अजिबात नाही, त्यांना माझा नमस्कार सांगा. तो अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेतला विद्यार्थी देबाशिष भट्टाचार्य याने काढला, मध्ये गोल आणि त्याच्या भोवती दोन वळसे, आणि धून पंडित रविशंकरांची. बीबीसीच्या वटवाघळात पण मध्ये डोळा होता म्हणून त्यांना वाटलं असेल. पण मध्ये गोल असला की चोरी म्हणायची तर मग आमच्याकडच्या सगळ्या ऑप्टिशियनच्या पाट्या पण चोरीच्याच.

गोल एवढा चांगला होता तर काढला का?
– इंदिरानगर

एका दिवसात नाही काढला. 1985 च्या फेब्रुवारीत मोटरवाला गोल गेला आणि कंप्युटरने तयार केलेला, आरपार दिसणारा गोल आला, निळा समुद्र आणि सोनेरी जमीन. 1991 ला अजून एक, धुरकट, हा लेझर डिस्कवरून लावायचे. 1997 ला तर त्यांनी कमाल केली, पृथ्वीचं चित्र असलेला खराखुरा गरम हवेचा फुगा बनवून देशभर उडवला आणि शूट केला. आणि मग 29 मार्च 2002 ला गोल बंद, त्याच्या जागी लाल कपड्यातले नाचणारे लोक, वेगवेगळ्या देशांचे नाच, न्यूझीलंडचा हाका वगैरे. आता निवेदक दोन मिनिटं बोलत बसत नाही, सगळं सेकंदावर बसवलेलं, न संपणाऱ्या गोलाची गरजच उरली नव्हती. लोक चिडले मात्र भरपूर. 2006 ला पुन्हा वर्तुळं आणली, त्यात पाणघोडे पाण्यात गोल गोल पोहतात, ते मला आवडतात पण गोल तो गोल.

सर, आमच्या शाळेच्या प्रदर्शनात हा आरशाचा गोल बनवायचाय. मोटर कुठली घ्यावी? पंख्याची लावली तर फारच पळतो.
– आठवीतला विद्यार्थी, सातपूर

पंख्याची नको रे, त्यात पृथ्वीचं मिक्सर होईल. घरच्या गणपतीच्या मखरात मूर्तीच्या मागे चक्र फिरतं ना, त्याची मोटर घे, डेकोरेशनच्या सामानात पडलेलीच असेल. ती हळू फिरते आणि तासन् तास फिरते. ती घरच्या विजेवर चालते म्हणून वायर मोठ्या माणसाकडूनच जोडून घे, स्वतः हात घालायचा नाही. वर प्लॅस्टिकचा बॉल, समुद्र मॅट काळा आणि जमीन पांढरी रंगव, चमकणारा रंग घेतलास तर दिव्याचा ठिपका दिसेल. मागे दाढीचा मोठं दाखवणारा आरसा, बॉलच्या अगदी जवळ, लांब नेलास तर नकाशा उलटा होईल. मोबाइल ब्लॅक अँड व्हाइट मोडवर टाकून समोर ठेव आणि पडद्यावर एक निळा, एक पिवळा असे रंग चढव, फोटो एडिटिंगच्या ॲपमध्ये दोन रंगांचा फिल्टर असतो. एक उजेड बाजूने सोड, समोरून नको. जमलं की फोटो पाठव, पण मोटर वेळेत परत ठेव रे बाबा, नाहीतर भाद्रपदात घरचे मला शोधत येतील.