दादाचं पुढं कोण बघणार?

"मोठ्याचं करता करता धाकटीवर अन्याय तर होत नाही ना?" दिव्यांग मूल असलेल्या घरांतले आईबाबा हे मला नेहमी विचारतात. ही आईही तेच विचारत होती.

थोरला पंधरा वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर परिणाम होणारी अवस्था) असलेला. पायांचे स्नायू ताठ, बोलणं अडखळत, बुद्धी मात्र लख्ख. धाकटी अकराची. "तिचा काही त्रासच नाही हो. सकाळी दादाला स्प्लिंट, म्हणजे पायाला आधार देणारी पट्टी, बांधते, स्वतःचा डबा भरते. कधी हट्ट म्हणून नाही." फक्त शाळेची सहल ठरल्यापासून तिचं पोट दुखायचं. सोनोग्राफीत काही निघालं नव्हतं.

मला या 'त्रास न देणाऱ्या' मुलांचीच जास्त काळजी वाटते. आपल्या वाट्याला उरलेलंच येणार, हे त्यांनी फार लवकर ओळखलेलं असतं.

तिसऱ्या भेटीत चित्र रंगवता रंगवता तिने विचारलं, "मी लग्न केलं तर दादा कुठे राहील?" एका लग्नात कुणा मावशीने तिला कौतुकाने सांगितलं होतं, "दादाला बघायला कोणीतरी हवं म्हणून तर तुला आणलं!" ते तिने मनात धरून ठेवलं होतं.

आईला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आमच्याही मनात ते होतं." असा विचार येणं पाप नाही, हे मी तिला अगदी मनापासून सांगितलं. पण ती चिंता आईबाबांनी वाहायची. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत सेरेब्रल पाल्सीसाठी १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. तोही त्यांनी काढला नव्हता. आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे आपल्याशी संबंधित गोष्टींत आपलं मत मांडण्याचा हक्क त्या मुलाचाही आहे. त्याला कुणी विचारलं होतं?

पुढच्या वेळी चौघांना बोलावलं. त्याला एक वाक्य बोलायला वेळ लागत होता. बाबा ते पुरं करायला निघाले, मी हातानेच थांबवलं. तो म्हणाला, "मला... कॉम्प्युटर शिकायचाय. स्प्लिंट बाबांनी बांधावी. ही... फार घट्ट बांधते."

"मग सांगायचं ना इतके दिवस!" धाकटी त्याच्यावर खेकसली. दादावर चिडलेलं तिला घरात कुणी पाहिलं नव्हतं. आई तिला गप्प करायला वळली. राहू द्या, म्हटलं.

तर, अन्याय होतो का? वेळ कमी मिळतो, हे खरं आहे, आणि ते मुलांना स्पष्ट सांगावं. "आज तुझ्या गॅदरिंगला येता आलं नाही, तुला वाईट वाटलं असेल," एवढं तरी म्हणावं. "तू समजूतदार आहेस" म्हणून तिचं तोंड बंद करू नये. या घरात आता रविवारी सकाळचा एक तास बाबा आणि धाकटी, दोघंच बाहेर पडतात.

पोटदुखी पूर्ण गेलेली नाही. परीक्षेच्या सकाळी अजून होते. सहलीला मात्र ती गेली, आणि दादाला एकदाही फोन केला नाही.