एकाच दारातून नऊ प्रकारच्या घटना

प्रश्न : पेडणे तालुक्यातल्या होमस्टेंचे बुकिंग घेणारे आमचे ॲप जँगोत (पायथनच्या वेब चौकटीत) आहे. पेमेंट गेटवेचे सगळे वेबहुक (घटना घडली की गेटवे आपणहून पाठवतो ते संदेश) एकाच व्ह्यूमध्ये (विनंती हाताळणाऱ्या फंक्शनमध्ये) येतात. पैसे जमा, पेमेंट फसले, परतावा असे करत नऊ प्रकार झाले आणि इफ-एलिफची साखळी दोनशे ओळींवर गेली. चवथीच्या सुट्टीत एका पाहुण्याला ‘बुकिंग पक्के’ असा एसएमएस तीनदा गेला. हे नीट कसे मांडावे?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : साखळी मोडणे सोपे आहे, पण तेवढ्याने एसएमएस थांबणार नाहीत. दोन्ही कामे वेगळी धरा.

आधी साखळी. हँडलर्सची वेगळी फाइल करा आणि तिच्यात एक डिक्शनरी ठेवा : डावीकडे गेटवे पाठवतो तेच घटनेचे नाव, उजवीकडे ती हाताळणारे फंक्शन. नोंदणीसाठी छोटा डेकोरेटर (फंक्शनच्या डोक्यावर लिहायची खूण) पुरतो. एकाच नावाची दुसऱ्यांदा नोंदणी झाली तर तिथेच एरर द्या, नाहीतर नंतरचे फंक्शन आधीच्याला गुपचूप पुसून टाकते. व्ह्यूने फक्त नाव पाहून फंक्शन शोधायचे. अनोळखी नाव आले तर लॉगमध्ये नोंद करा आणि 200 (‘मिळाले’ असे उत्तर) च परत द्या. 400 किंवा 500 हे त्रुटीचे कोड दिलेत तर गेटवे तीच घटना पुन्हा पुन्हा पाठवत राहील. इथे एक हमखास चूक होते : हँडलर्सची फाइल कोणी इम्पोर्टच करत नाही, मग डेकोरेटर चालत नाहीत आणि सर्व्हरवर डिक्शनरी रिकामीच राहते. ॲप सुरू होताना चालणाऱ्या, ॲपकॉन्फिगच्या रेडी मेथडमध्ये ती इम्पोर्ट करा.

आता एसएमएस. गेटवे प्रत्येक घटना ‘किमान एकदा’ पोचवतात. तुमचे उत्तर उशिरा गेले की त्यांच्या लेखी ती पोचलीच नाही, म्हणून ते पुन्हा पाठवतात. व्ह्यूमध्येच बसून एसएमएस सेवेची वाट पाहिली की हा उशीर ठरलेलाच. म्हणून व्ह्यूत तीनच गोष्टी राहू द्या : सही (घटना गेटवेकडूनच आल्याचा पुरावा) तपासणे, घटना टेबलात टाकणे, 200 देणे. घटनेच्या आयडीवर युनिक बंधन घाला. तोच आयडी पुन्हा आला तर नवे काम न लावता 200 द्या. बाकीचे काम, डिक्शनरीतून फंक्शन शोधून चालवणेही, सेलरीच्या (पार्श्वभूमीत कामे चालवणाऱ्या साधनाच्या) वर्करकडे सोपवा, तेही ट्रान्झॅक्शनच्या ऑन-कमिटमधून, म्हणजे नोंद डेटाबेसमध्ये पक्की झाल्यावरच. तसे केले नाही तर वर्कर कधी कमिटच्या आधी धावतो आणि त्याला ती ओळ सापडतच नाही.

तरीही एक फट उरते, आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. रेझरपेसारख्या गेटवेकडून एकाच व्यवहारासाठी ‘पेमेंट कॅप्चर्ड’ आणि ‘ऑर्डर पेड’ अशा दोन घटना येतात. दोघींचे आयडी वेगळे, त्यामुळे युनिक बंधन इथे कामी येत नाही. दोन्ही हँडलरमध्ये एसएमएसची ओळ असेल तर संदेश दोनदा जाणारच. एसएमएस घटनेला बांधूच नका, बुकिंगच्या अवस्थेला बांधा. ॲटॉमिक ब्लॉकमध्ये सिलेक्ट-फॉर-अपडेटने बुकिंगची ओळ कुलूपबंद करा, अवस्था ‘प्रलंबित’ असेल तरच ‘पक्के’ करा, आणि तो बदल खरोखर झाला तरच एसएमएसचे काम क्यूत घाला. घटनांचा क्रमही भरवशाचा नसतो. ‘ऑथोराइज्ड’ (पैसे घेण्याआधीची मंजुरी) मागाहून आले म्हणून पक्के बुकिंग परत प्रलंबित होता कामा नये. कोणत्या अवस्थेतून कुठे जाता येते याचा छोटा तक्ता कोडमध्येच ठेवा.

सहीचे थोडे सविस्तर सांगायला हवे. ती बहुधा एचमॅक-एसएचए-256 (गुप्त किल्लीने काढलेला ठसा) असते आणि आलेल्या मूळ बाइट्सवर काढलेली असते. पुष्कळ जण जेसनची डिक्शनरी करतात, पुन्हा जेसन बनवतात आणि त्यावर सही जुळवायला जातात. पायथनचे डम्प्स कोलन आणि स्वल्पविरामानंतर एकेक मोकळी जागा सोडते. मूळ मजकुरात ती नसेल तर एवढ्यानेही सही पूर्ण बदलते. रिक्वेस्टची कच्ची बॉडी घ्या आणि तुलना कंपेअर-डायजेस्टने (पायथनच्या सुरक्षित तुलनेच्या फंक्शनने) करा. सीएसआरएफची (परक्या साइटवरून येणाऱ्या विनंत्या रोखणाऱ्या तपासणीची) सूट फक्त या एका व्ह्यूला द्या. गेटवेकडे यूआरएल देताना शेवटची तिरकी रेघ विसरू नका, नाहीतर जँगो 301 देऊन दुसरीकडे वळवतो आणि घटना वाटेतच हरवते. रेझरपेसारख्या गेटवेकडून रक्कम पैशांत येते : 3,500 रुपयांच्या आगाऊ रकमेसाठी 350000. ती पूर्णांकातच साठवा.

प्रश्न : आमच्या बुकिंग कॅलेंडरवर बोट ओढून तारखा निवडता येतात. फोनवर कधी साध्या टॅपची नोंद दोनदा होते, कधी ओढताना निवड मध्येच तुटते.
— एक वाचक, फोंडा

उत्तर : फोनवर टॅप केले की ब्राउझर टचच्या घटना देतो, आणि मागोमाग माऊसच्या घटना व क्लिकही देतो. टचएंड आणि क्लिक दोन्हींवर तेच फंक्शन लावले असेल तर ते दोनदा चालणारच. टॅपसाठी खरे बटन घ्या आणि फक्त क्लिक ऐका. माऊस, बोट आणि कीबोर्डचे एंटर तिन्ही त्यात येतात.

ओढण्यासाठी पॉइंटरडाउन, पॉइंटरमूव्ह, पॉइंटरअप वापरा. निवड तुटते ती ब्राउझरने तुमचे ओढणे ‘पान सरकवणे’ समजून पॉइंटरकॅन्सल पाठवल्यामुळे. ती घटना आली की अर्धवट निवड पुसून टाका. आणि कॅलेंडरला सीएसएसमध्ये टच-ॲक्शन पॅन-वाय द्या : उभे सरकवणे ब्राउझरकडे, आडवे तुमच्याकडे. तिथे ‘नन’ हे मूल्य देऊ नका. तसे केले तर ज्याचे बोट कॅलेंडरवर पडेल त्याला पान खाली सरकवताच येणार नाही.