वॅगनआरसाठी कुर्ल्याहून जुनं इंजिन घेताना काय काय तपासून घ्यावं?

तुमच्या २०१३ च्या पेट्रोल वॅगनआरचं इंजिन घाटात तापून जाम झालं, गॅरेजवाला म्हणतोय कुर्ल्याहून जुनं आणून बसवू, आणि दुकानात गेल्यावर नेमकं बघायचं काय, असा तुमचा प्रश्न आहे. माझं गॅरेज आहे, अशी इंजिनं बघून आणणं आणि बसवणं हे माझं नेहमीचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा गॅरेजवाल्याला विचारा की हेड (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवून बघितलंय का. तापलेल्या इंजिनात पुष्कळदा हेड वाकतं, हेडखालचं गॅस्केट उडतं, पिस्टनच्या रिंगा जातात, पण ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा) आणि क्रँक (पिस्टनच्या जोरानं फिरणारा दांडा) शाबूत असतात. तसं असेल तर स्वतःचंच इंजिन बांधून घ्या. ते कसं चाललंय, ऑइल कधी बदललंय, हे तुम्हाला माहीत आहे. पिस्टनला क्रँकशी जोडणारा रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला असेल किंवा बोअर (पिस्टन ज्यात सरकतो ती नळी) आणि क्रँक दोन्ही कामातून गेले असतील, तरच जुन्याच्या वाटेला जा.

तुमच्या गाडीत के१०बी नावाचं इंजिन आहे, ९९८ सीसी, तीन सिलिंडरचं, अ‍ॅल्युमिनियम ब्लॉकचं. २००८ मध्ये ए-स्टारबरोबर हे इंजिन आलं, पुढे एस्टिलो, वॅगनआर, ऑल्टो के१०, सेलेरिओ अशा गाड्यांत बसलं. म्हणून दुकानदार बिनधास्त सांगतो, ‘सगळी एकच आहेत, कुठलंही चालेल.’ ब्लॉक सारखा दिसतो हे खरं, पण सेन्सर, मॅनिफोल्ड (हवा आत नेणाऱ्या आणि धूर बाहेर काढणाऱ्या नळ्यांचे जोड), थ्रॉटल बॉडी (हवा कमी-जास्त करणारी झडप), वायरिंगची सॉकेटं मॉडेल आणि साल बदललं की बदलतात. शक्यतो वॅगनआरचंच आणि जवळपासच्या सालाचंच घ्या. जुन्या इंजिनाचे मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढून न्या आणि दुकानात ताडून बघा.

‘फक्त चाळीस हजार चाललंय’ या वाक्याला काही किंमत देऊ नका. मीटर गाडीच्या डॅशबोर्डवर असतो, इंजिनावर नसतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, जुन्या पार्ट्सच्या बाजारात, जी इंजिनं दिसतात त्यातली बरीचशी डिझेलनं धुऊन, वरून सिल्व्हर मारून ठेवलेली असतात. बाहेरचा चकचकीतपणा सोडून द्या. जिथे कुणी धुवायला जात नाही तिथे बघा.

ऑइल भरायचं झाकण काढा आणि मोबाइलचा टॉर्च आत मारा. आतला भाग मधासारखा तपकिरी असेल तर ठीक. डांबरासारखा काळा थर बसलेला असेल तर त्या मालकानं ऑइल वेळेवर बदललेलं नाही, ते इंजिन सोडा. झाकणाच्या आत थोडी पांढरट साय असेल तर लगेच घाबरू नका, पावसाळ्यात थोडंथोडंच अंतर चालणाऱ्या गाडीत ती धरते. पण डिपस्टिकलाही दुधी ऑइल लागत असेल तर कुलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) ऑइलमध्ये उतरलंय. मग चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा) ड्रेन बोल्ट काढायला लावा. ऑइल आधीच काढून घेतलेलं असलं तरी भोकात बोट घाला आणि बोट उन्हात धरून बघा. चमचम दिसली, तांबूस झाक दिसली, की बेअरिंग झिजलेलं आहे. तिथेच थांबा.

पाण्याची बाजू लोक बघतच नाहीत, आणि तुमचं इंजिन तापूनच गेलंय म्हणून मी तिच्यावर जास्त भर देईन. थर्मोस्टॅटच्या (कुलंटचा प्रवाह उघडणाऱ्या झडपेच्या) इथला पाण्याचा होज काढलेला असतो, त्या तोंडातून आत बघा. हिरवा किंवा लाल कुलंटचा डाग असेल तर उत्तम. मातकट गाळ, पांढरे खवले, अ‍ॅल्युमिनियम खाल्ल्यासारखे खड्डे असतील तर हे इंजिन वर्षानुवर्षं नळाच्या पाण्यावर चाललंय. हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावर ताजा सिलिकॉन आहे का, हेड बोल्टच्या डोक्यांवर पाना लागल्याच्या नव्या खुणा आहेत का, तेही बघा. असतील तर इंजिन एकदा उघडलं गेलंय. का उघडलं, हे तिऱ्हाईत माणूस खरं सांगेलच असं नाही.

आता हातानं फिरवा. क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं, तिन्ही स्पार्क प्लग जागेवर ठेवून, सावकाश. तीन सिलिंडर म्हणजे दोन पूर्ण फेऱ्यांत पाना तीन वेळा जड झाला पाहिजे, आणि तिन्ही वेळा सारखाच. अलीकडेच एका गिऱ्हाइकासाठी मी असंच एक इंजिन फिरवत होतो. दिसायला नवंकोरं, प्लगसुद्धा नवे घातलेले. पहिल्यांदा पाना जड लागला, दुसऱ्यांदाही लागला, आणि तिसऱ्यांदा लोण्यातून सुरी जावी तसा सरकला. त्या सिलिंडरचा प्लग काढून हवा भरली तर एक्झॉस्टच्या तोंडातून फुसफुस ऐकू आली. व्हॉल्व्ह जळलेला होता. इनटेक मॅनिफोल्ड उलटं करून बघितलं तर तिन्ही नळ्यांवर एम-सीलनं बुजवलेली बारीक भोकं होती. बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटचे नोझल तिथे होते. म्हणजे टॅक्सीत चाललेलं असण्याचीच शक्यता जास्त. मुंबईत सीएनजीवरच्या वॅगनआर टॅक्सी म्हणून किती धावतात ते तुम्ही बघताच. त्या कोरड्या गॅसवर व्हॉल्व्ह आणि त्यांच्या सीट पेट्रोलपेक्षा लवकर झिजतात. सीएनजीचं प्रत्येक इंजिन वाईट असतं असं मी म्हणणार नाही, पण पेट्रोलचं म्हणून विकत असतील तर ही भोकं शोधाच.

ही हवेची तपासणी मला सगळ्यात जास्त भरवशाची वाटते, आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर होते. कॉम्प्रेशन गेजच्या नळीतला व्हॉल्व्ह काढून ती प्लगच्या जागी बसवायची, त्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनला अगदी वर आणायचा, पुलीला पाना घट्ट धरून ठेवायचा (हवेच्या जोरानं क्रँक फिरतो, हात सांभाळा) आणि हवा सोडायची. एक्झॉस्टमधून आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून आला तर इनटेक व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून जोरात आला तर रिंगा. झाकणातून किंचित हवा सगळ्याच इंजिनांत येते, तिन्ही सिलिंडरची तुलना करा. ब्लॉकमध्ये पाणी भरून ठेवलं आणि त्यात बुडबुडे आले तर हेड गॅस्केट किंवा चीर.

इंजिन गिअरबॉक्ससकट मिळत असेल तर स्टार्टर आणि बॅटरी लावून गेजवर कॉम्प्रेशनही (सिलिंडरमधला दाब) मोजून घ्या. तिन्ही प्लग काढलेले आणि थ्रॉटल पूर्ण उघडं हवं, नाहीतर आकडा उगाच कमी येतो. साधारण १५० पीएसआयच्या वर आणि तिन्हींत दहा टक्क्यांच्या आत फरक असेल तर मी ते इंजिन घेईन. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा बघा. आकडा चढला तर दोष रिंगांचा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटचा. महिनोन्महिने पडून असलेल्या इंजिनात पहिला आकडा कमी येऊ शकतो, तेवढी सवलत द्या.

पुराच्या गाडीचं इंजिन मात्र कितीही स्वस्त मिळालं तरी नको. २०१९ ला सांगली-कोल्हापूर, २०२१ ला चिपळूण आणि महाड, किती गाड्या बुडाल्या ते आठवा. चालू इंजिनानं पाणी ओढलं की पाणी दाबलं जात नाही आणि रॉड वाकतो. ओळखायला सोपी युक्ती आहे. एक लांब सरळ सळई प्लगच्या भोकातून पिस्टनवर उभी टेकवा, पिस्टन अगदी वर आणून सळईवर खूण करा, आणि तिन्ही सिलिंडरला तसंच करा. एक खूण खाली राहिली तर रॉड वाकलाय. अल्टरनेटरच्या जाळीत, वायरिंगच्या सॉकेटांत चिखलाची बारीक रेव सापडते का तेही बघा.

कागदाच्या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही. ब्लॉकवरचा इंजिन नंबर स्वतः वाचा. घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा रंगाखाली झाकलेला असेल तर निघून या. ज्या गाडीतून इंजिन काढलं तिच्या आरसीची प्रत मागा आणि नंबर जुळवा. एनसीआरबीच्या (केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाच्या) ‘वाहन समन्वय’ या ऑनलाइन सेवेवर नोंदणी, चासी आणि इंजिन नंबर टाकून चोरीची नोंद आहे का ते बघता येतं. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि ‘मला माहीत नव्हतं’ हे पटवायला तुमच्याकडे पक्कं बिल असलं पाहिजे. बिलावर इंजिन नंबर लिहून घ्या. बदली देण्याची मुदत तोंडी ठरली असेल तर तीही बिलावरच उतरवा.

इंजिन घेतलंत तर बसवण्याआधी, ते खाली असतानाच, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, क्रँकचं मागचं ऑइल सील आणि टॅपेट कव्हरचं गॅस्केट नवं टाकून घ्या. क्लच प्लेटही तेव्हाच बघा. नंतर यातल्या काही वस्तूंसाठी पुन्हा इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि मजुरी दुप्पट पडते. रेडिएटर आणि फॅन तपासल्याशिवाय नवं इंजिन चालू करू देऊ नका. जुनं ज्या कारणानं तापलं ते कारण अजून गाडीतच असू शकतं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलल्यापासून चौदा दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नवा नंबर चढवून घ्यावा लागतो. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आधीच मागून ठेवा, आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा. हेड उतरवल्यावर आत काय निघालं ते इथे फोटोसकट टाका, म्हणजे तुमचंच इंजिन बांधून चालेल का ते सांगता येईल.