डिशवॉशरमधील पाणी तापत नसेल तर

प्रश्न : थंडी सुरू झाल्यापासून आमच्या डिशवॉशरमधून भांडी गार आणि तुपकट निघतात. तंत्रज्ञाने यंत्र न उघडताच तापमानाचा सेन्सर बदलण्यास सांगितले. खात्री कशी करावी?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : तपासणीशिवाय सुटा भाग बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नाशिकच्या थंडीत गच्चीवरील टाकीचे पाणी बरेच गार असते. त्यामुळे धुण्याचा वेळ वाढतो, परंतु भांडी गार निघण्याचे ते कारण नव्हे.

प्रथम प्लग काढावा व नळ बंद करावा. सेन्सर बहुधा तळाच्या पाणी साठणाऱ्या भागाजवळ असतो. त्याची जोडणी सोडवून पिनांवर हिरवट गंज आहे का, हे पाहावे. कित्येकदा दोष तेवढाच असतो. नंतर मल्टिमीटर या विद्युत मोजमापाच्या उपकरणाने सेन्सरचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, किलोओहममध्ये मोजावा. हा सेन्सर तापला की त्याचा रोध घटतो. उदाहरणार्थ, २५ अंशांना १० किलोओहम असणारा सेन्सर ६० अंशांच्या पाण्यात केवळ टोक बुडवल्यास साधारण अडीच किलोओहमपर्यंत सावकाश उतरला पाहिजे. आकडा मध्येच उडाला, अथवा मुळीच हलला नाही, तर सेन्सर निकामी समजावा. आपल्या मॉडेलचे नेमके मूल्य मात्र सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावे.

सेन्सर ठीक निघाल्यास हीटर तपासून घ्यावा. सेन्सर बदलावाच लागला तर जुन्यावरील क्रमांकाचाच आणावा, खाली फडके ठेवावे आणि रबरी रिंग नवीच बसवावी, कारण जुनी रिंग हमखास गळते.