फॉगरचं पाणी आणि छातीचा ताप: इंदूरच्या नर्सरीवाल्यांच्या प्रश्नांना उत्तरं

खंडवा रोडवर नर्सरी चालवणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे: "मे महिन्यात घरच्या लग्नासाठी दहा दिवस नर्सरी बंद होती. आल्याबरोबर फॉगर (पाण्याचं बारीक धुकं उडवणारं यंत्र) सुरू केला. आठवड्याभरात आमचा माळी तापाने फणफणला, न्यूमोनिया निघाला. डॉक्टर म्हणाले, लिजिओनेला नावाचा जंतू असू शकतो, पाण्यातून येतो. टाकीत ब्लिचिंग टाकलं की झालं का? आणि रोपं जळणार नाहीत ना?"

ताई, आधी माळीदादांचं बघू. ते रोज फुहाऱ्यात काम करतात आणि कुंड्यांची माती हातानं कालवतात, या दोन्ही गोष्टी डॉक्टरांना स्पष्ट सांगा. लिजिओनेलाची लघवीची तपासणी प्रामुख्यानं एकच प्रकार पकडते. मातीतून येणारा प्रकार त्यात निसटतो, त्यासाठी बेडक्याची पीसीआर (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी) तपासणी लागते. न्यूमोनियाला नेहमी दिलं जाणारं अमॉक्सिसिलिन या जंतूवर चालत नाही, म्हणून ही माहिती डॉक्टरांच्या कानावर लवकर पडणं फार गरजेचं आहे. हा आजार माणसाकडून माणसाला सहसा लागत नाही. बाकीच्या कामगारांनी त्यांना भेटायला जायला घाबरू नये.

आता पाण्याचं. हे पाणी अंगावर पडल्यानं काही होत नाही. धोका आहे तो त्याचे बारीक थेंब श्वासातून छातीत जाण्यात. 1976 साली फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांच्या अधिवेशनानंतर माणसं अशीच पटापट आजारी पडली. 'अमेरिकन लीजन' या त्यांच्या संघटनेच्या नावावरून आजाराला 'लिजिओनेअर्स' हे नाव पडलं, आणि जंतू पुढच्या वर्षी हाती लागला. आपल्या धंद्याच्या जवळचं उदाहरण 1999 मधलं. नेदरलँड्समध्ये फुलांच्या प्रदर्शनात विक्रीसाठी मांडलेल्या, बुडबुडे सोडणाऱ्या कोमट पाण्याच्या टबातून हवेत थेंब उडाले. फुलं बघायला आलेले दोनशेच्या आसपास लोक आजारी पडले, कित्येक दगावले. त्यातल्या बहुतेकांनी त्या टबाला हातही लावला नव्हता.

हा जंतू साधारण 20 ते 45 अंश तापमानात वाढतो, 35 च्या आसपास त्याचं चांगलंच फावतं. इंदूरच्या मे महिन्यात पत्र्यावरच्या काळ्या टाकीत हेच तापमान असतं. एका नर्सरीत दुपारी दोन वाजता उन्हात वेटोळं घालून पडलेल्या नळीचं पहिलं पाणी मी बादलीत घेतलं आणि थर्मामीटर बुडवला. पारा 41 वर. मग टाकीचं झाकण काढून आतल्या भिंतीवरून बोट फिरवलं, तर शेवाळ्याखाली बुळबुळीत थर आणि त्याच्याखाली बोअरिंगच्या जड पाण्याचा पांढरा खरखरीत क्षार. जंतू त्या थरात दडून बसतो. वरून टाकलेलं क्लोरीन तिथपर्यंत पोचतच नाही. म्हणून नुसतं ब्लिचिंग टाकून भागत नाही ताई, आधी घासायचं. जलूदहून येणारं नर्मदेचं पाणी क्लोरीन मारलेलं असतं, पण तापलेल्या टाकीत पडून राहिलं की त्याचा असर उतरतो. बोअरिंगच्या पाण्यात तर मुळात क्लोरीन नसतंच.

कामाचा क्रम असा ठेवा. टाकी रिकामी करून गाळ काढा, भिंती ब्रशनं घासा, घासताना एन-95 मास्क लावा. फॉगरच्या नोझल काढून सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी साध्या पाण्यानं नीट धुवा. ते ॲसिड आणि ब्लिचिंग कधीही एकत्र येऊ देऊ नका, विषारी वायू निघतो. मग हजार लिटर पाण्याला 200 ग्रॅम ब्लिचिंग पावडर (25 टक्के क्लोरीन धरून) प्लास्टिकच्या बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरची निवळीच टाकीत ओता, नाहीतर नोझल पुन्हा तुंबतील. नोझल न लावताच प्रत्येक पाइपच्या टोकाला क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी सोडा आणि तासभर तसंच राहू द्या. हे पाणी रोपांना घातक आहे. रोपांपासून लांब मोकळ्या जमिनीवर सोडा, विहिरीत किंवा नाल्यात नको. नंतर सगळी लाइन साध्या पाण्यानं धुऊन काढा.

रोजच्या पाण्याला हजार लिटरमागे 4 ग्रॅम ब्लिचिंग पावडर पुरे. एवढ्यानं बहुतेक रोपांना काही होत नाही, तरी फर्न आणि ऑर्किडच्या दोन-चार कुंड्यांवर आठवडाभर करून बघा. खत मिसळायच्या टाकीत मात्र क्लोरीन नको. युरिया किंवा अमोनियम असेल तर क्लोरीनची ताकद तिथंच खर्च होते. पूर्वी जोडलेला आणि आता वापरात नसलेला पाइपचा तुकडा कापून टाका, बूच मारून ठेवू नका, कारण साचलेलं पाणी तिथूनच परत लाइनमध्ये येतं.

ड्रिप असलेल्यांनी विचारलंय, त्यांना धोका पुष्कळ कमी. थेंब उडतच नाहीत. विक्रीला मांडलेली कारंजी गिऱ्हाईक आल्यावरच लावायची सवय असेल, तर ती रिकामी करून ठेवा आणि लावताना ताजं पाणी भरा.

राऊचे एक काका विचारतात, "खताच्या पोत्यातूनही हा आजार होतो, खरं का?" खरं आहे काका. लिजिओनेला लाँगबीची नावाचा प्रकार कंपोस्ट आणि पॉटिंग मिक्समध्ये राहतो. ऑस्ट्रेलियात 1980 च्या दशकाच्या अखेरीस कुंड्यांच्या मातीशी त्याचा संबंध लागला, आणि आज तिथं पोत्यांवर इशारा छापलेला असतो. कंपोस्टची 'इंदूर पद्धत' 1920 च्या दशकात अल्बर्ट हॉवर्ड यांनी आपल्याच गावात बसवली, त्याचा मला फार अभिमान आहे, म्हणून खत टाकून द्या असं मी कधीच म्हणणार नाही. ढीग मधोमध तापतो, कडेला कोमटच राहतो. तो उलथायचा तो त्यासाठीही, पण मुरलेलं खत निर्जंतुक झालं असं समजू नका. पोतं उघडताना तोंड लांब ठेवा, कात्रीनं कापा, आधी पाणी शिंपडून धूळ बसवा. शेडच्या कोपऱ्यात दार लावून खत कालवणं बंद करा, उघड्यावर काढा. काम झाल्यावर साबणानं हात धुवा, त्याआधी बिडी किंवा तंबाखू नको. पन्नाशीपुढची माणसं, बिडी ओढणारे आणि मधुमेही यांना हा आजार जास्त गाठतो. त्यांना फॉगरच्या आणि खताच्या कामावर शक्यतो ठेवू नका, कुंड्या भरायला बसवावंच लागलं तर मास्क देऊनच बसवा.

ताई, पुढच्या वेळी नर्सरी तीन-चार दिवसांहून जास्त बंद राहिली, तर फॉगरचं बटण लगेच दाबू नका. नोझल काढा, नळीचं तोंड जमिनीला टेकवून नळ अर्धाच उघडा, आणि गार पाणी येऊ लागेपर्यंत कुणालाही जवळ उभं राहू देऊ नका.